हात बसतो तो रोजच्या सरावाने

"आमच्या मुलाला चित्रकलेचा हातच नाही," असे कित्येक पालक सहज बोलून जातात. मूल पाचवी-सहावीत असते आणि त्याचा निकाल घरातच लागून जातो. पण पहिली पोळी नकाशासारखी झाली म्हणून कोणी मुलीला 'तुला पोळीचा हात नाही' असे म्हणत नाही. शिलाई मशीनवर पहिली शिवण वाकडी गेली म्हणून कोणी मशीन विकून टाकत नाही. तिथे आपण म्हणतो, हात बसेल हळूहळू. मग पेन्सिलीलाच वेगळा न्याय का?

व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराचे नाव आज जगभर घेतले जाते. त्याने चित्रकार व्हायचे ठरवले ते १८८० साली, वयाच्या २७ व्या वर्षी. त्याआधी चित्रविक्रीच्या दुकानात नोकरी, शाळेत शिकवणे, बेल्जियममधील कोळसा खाणींच्या भागात धर्मप्रचार, असे सारे करून झाले होते. सुरुवातीला तो सरावाच्या पुस्तकातील नमुने पुन्हा पुन्हा गिरवत असे. पुढे विणकर आणि शेतमजूर हे त्याचे विषय झाले. १८८५ सालचे 'बटाटे खाणारे' हे चित्र रंगवण्याआधी त्याने कष्टकऱ्यांचे चेहरे आणि हात कितीतरी वेळा काढून पाहिले होते. जन्मजात देणगीवर विसंबून तो बसला नाही.

साहित्य घरातच आहे

मी कारकून माणूस. रविवारी वस्तीतल्या मुलांना घेऊन बसतो, तेव्हा पहिला प्रश्न खर्चाचा येतो. महागडी वही लागत नाही. एका बाजूला छापलेले कागद, जुन्या कॅलेंडरची पाठ, उरलेल्या वह्यांची कोरी पाने एकत्र शिवा. एक एचबी आणि एक टूबी पेन्सिल पुरे. एचबी रेषेसाठी, टूबी जरा गडद छायेसाठी. खोडरबर पहिला महिनाभर कपाटात ठेवा. चुकलेली रेषा तशीच राहू द्या आणि तिच्या शेजारी बरोबर रेषा काढा. काय चुकले ते डोळ्यांसमोर राहते. प्रत्येक पानावर तारीख घाला.

वीस मिनिटे कशी वापरावीत

पहिली पाच मिनिटे नुसत्या रेषा. पट्टी न घेता आडव्या, उभ्या, तिरप्या. मग वर्तुळे आणि लांबट वर्तुळे. मनगट न आखडता सगळा हात खांद्यापासून हलू द्या, म्हणजे रेषा थरथरत नाही.

पुढची दहा मिनिटे समोर ठेवलेली एकच वस्तू. तांब्या, चप्पल, कंदील, कांदा, काहीही चालेल. हात सरळ ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्या. तांब्या जितका रुंद, त्याच्या किती पट उंच, ते आधी ठरवा आणि मगच कागदाला हात लावा.

शेवटची पाच मिनिटे वस्तू झाकून ठेवा आणि आठवणीने काढा. आपण किती कमी पाहिले होते ते इथे कळते.

पाहायला शिका

बहुतेक चुका डोळ्यांच्या असतात, हाताच्या नसतात. पेल्याचे तोंड मुले गोल काढतात आणि बूड मात्र सरळ रेषेने. पेला टेबलावर आहे, बूड सपाट असते हे ठाऊक असते, म्हणून तसे. पण पेला नजरेच्या खाली असला तर बुडाची कडाही गोलाईत दिसते. उलट ती तोंडापेक्षा जरा जास्तच गोल दिसते. माणसाचा चेहरा काढताना डोळे कपाळाजवळ जातात. खरे तर डोके आणि हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर डोळे येतात. आरशासमोर बसून मोजून पाहा. खुर्ची काढताना पायांमधली रिकामी जागा आधी काढा. खुर्ची आपोआप जुळते.

नकला करणे वाईट आहे का? नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर १८७२ पासून पुढे अनेक वर्षे अजिंठ्याच्या लेण्यांत जाऊन भिंतीवरील चित्रांच्या नकला करीत होते. लेण्यातील पद्मपाणीची भुवई, खांदा, कमळ धरलेली बोटे पाहा. किती थोड्या रेषांत केवढे काम झाले आहे! मात्र नटनट्यांच्या फोटोवर चौकोन आखून केलेल्या नकलेवरच थांबू नका. आठवड्यातून निदान पाच दिवस समोरची खरी वस्तू काढा.

याने पोट भरेल का?

हा प्रश्न आपल्या घरात विचारला जाणारच, आणि तो चुकीचा नाही. राज्याच्या कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा होतात. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असते. म्हणजे वर सांगितलेली वीस मिनिटे त्याचीच तयारी आहे. इंटरमिजिएट उत्तीर्ण झाल्यास नियमाप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात; शाळेतील चित्रकला शिक्षकांकडे वेळेत चौकशी करा. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन हा स्वतंत्र ट्रेड आहे. फिटरला ड्रॉइंग वाचावे लागते. सुतार, शिंपी, वेल्डर, गवंडी यांपैकी जो गिऱ्हाइकासमोर कागदावर काम काढून दाखवतो, त्याच्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास लवकर बसतो.

मुलींच्या बाबतीत एक विनंती. सराव मोडतो तो बहुधा त्यांचाच, कारण पाणी, भांडी, धाकटे भावंड यांची हाक त्यांनाच येते. त्या वीस मिनिटांत तिला हाक मारू नका.

आणि पालकांनीही चित्राला लगेच 'छान' किंवा 'वाईट' म्हणू नये. तीन महिन्यांनी पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवून मुलालाच विचारा, काय बदलले? ते उत्तर त्याचे त्यालाच देता आले, म्हणजे सराव योग्य मार्गावर आहे असे समजा.