घरगुती राखीव प्रती : अंतर्गत हार्ड डिस्क की नेटवर्क संग्राहक?

ग्रंथ किंवा दप्तर टिकवावयाचे तर त्याची एकच प्रत असून चालत नाही, हा अनुभव वऱ्हाडास नवा नाही. वरूडच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे थोर क्षेत्र. म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ पोथी पुढे खिलजींच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि शिष्यांच्या स्मरणावरून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, असे पंथाची परंपरा सांगते. त्याचे भिन्न पाठ आढळतात, त्याचे एक कारण हेच होय. आज तोच प्रश्न घरोघरच्या संगणकांपुढे निराळ्या रूपाने उभा आहे.

वरूड परिसरातील एखाद्या संत्रा-बागायतदाराचे घर घ्यावे. आंबिया आणि मृग बहारांचे वर्षानुवर्षांचे हिशेब, व्यापाऱ्यांशी झालेले व्यवहार, मुलांची प्रमाणपत्रे व वडीलधाऱ्यांची छायाचित्रे ही सर्व आता संगणकात व मोबाइलमध्ये असतात. सातबारा उतारा शासकीय संकेतस्थळावरून पुन्हा मिळू शकतो; दिवंगत आजोबांचे छायाचित्र मिळत नाही. सबब, जे पुन्हा निर्माण करता येत नाही त्याची राखीव प्रत आधी, हा पहिला नियम.

ही प्रत ठेवण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिला, संगणकाच्याच पेटीत दुसरी हार्ड डिस्क बसविणे. दुसरा, घरातील राउटरला जोडलेला स्वतंत्र संग्राहक, ज्यास ‘नॅस’ म्हणतात, तो ठेवणे. नॅस हा वस्तुतः स्वतःचा प्रोसेसर व स्वतःची कार्यप्रणाली असलेला एक लहानसा संगणकच होय. घरातील सर्व संगणक व मोबाइल आपापल्या प्रती त्याकडे धाडू शकतात.

वेगाच्या दृष्टीने अंतर्गत डिस्क सरस ठरते. दर सेकंदास सुमारे १८० मेगाबाइट या गतीने १ टेराबाइट मजकूर दीड तासात उतरतो. गिगाबिट तारेवरून नॅसकडे ही गती ११० मेगाबाइटच्या आसपास राहते व अडीच तास लागतात; वायफायवर ती ३० पर्यंत उतरल्यास नऊ तासांहून अधिक. तथापि हा विलंब पहिल्या प्रतीपुरताच असतो. पुढे केवळ बदललेल्या फाइली जात असल्याने हा भेद फारसा जाणवत नाही. खर्चाचा भेद मात्र राहतो : नॅसची पेटी वेगळी विकत घ्यावी लागते, आणि २० वॅट घेणारा संग्राहक अहोरात्र चालविल्यास वर्षाकाठी सुमारे १७५ युनिट वीज लागते.

निर्णायक प्रश्न वेगाचा नसून संकटाचा आहे. अंतर्गत डिस्क मूळ डिस्कबरोबर एकाच पेटीत, एकाच वीजपुरवठ्यावर असते. विजेचा झटका, आग किंवा चोरी यांत उभय प्रती एकदमच जातात. नॅस दुसऱ्या खोलीत ठेवता येतो. पण तोही त्याच छपराखाली असतो. शिवाय विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि हार्ड डिस्कची तापमानमर्यादा सामान्यतः ६० अंशांच्या आसपास असते. म्हणून टिनाच्या छपराखालील माळा ही नॅसची जागा नव्हे. लिहिण्याचे काम चालू असता वीज गेली तर फाइली बिघडण्याचा संभव असतो. त्यास्तव यूपीएस आवश्यक ठरतो.

येथे एका गैरसमजाचे निराकरण अवश्य आहे. नॅसमध्ये दोन डिस्क जोडून दोहोंवर एकच मजकूर ठेवण्याची सोय असते. अनेक डिस्कांच्या अशा रचनेस ‘रेड’ हे नाव बर्कली येथील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ यांच्या १९८८ च्या निबंधाने रूढ झाले. एक डिस्क बिघडली तरी काम अडू नये, हा दोन डिस्कांच्या रचनेचा हेतू. परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. म्हणजे रेड ही राखीव प्रत नव्हे. खंडणीखोर विषाणूंपासूनही तिचे रक्षण होत नाही. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने इंटरनेटला उघडे ठेवलेले नॅसच लक्ष्य केले होते. सतत जोडलेली अंतर्गत डिस्कही अशा विषाणूच्या आटोक्यातच असते.

तात्पर्य, घरात संगणक एकच असल्यास दुसरी अंतर्गत डिस्क पुरेशी व स्वस्त होय. संगणक व मोबाइल अनेक असल्यास नॅसचा खर्च सार्थ ठरतो, मात्र तो बाहेरच्या इंटरनेटला खुला ठेवू नये. परंतु कोणताही मार्ग स्वीकारला तरी तो एकटा अपुरा आहे. एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर, असा संकेत रूढ आहे. सुटी डिस्क भरून ती अमरावतीच्या नातलगाकडे ठेवावी व दर बहाराच्या अखेरीस बदलावी, इतक्याने तो पाळला जातो. वर्षातून एकदा त्या डिस्कवरील काही फाइली उघडून पाहाव्यात. कारण जी वाचता येते तीच प्रत म्हणावयाची.