मोरचूद, नवती आणि रोही

बोर्डो मिश्रणाचा जन्म रोगासाठी झाला नाही, चोरांसाठी झाला. फ्रान्सच्या मेदोक भागात वाटसरू द्राक्षं तोडत, म्हणून बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. निळे डाग पाहून माणूस हात आवरता घेई. १८८२ साली वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांना दिसलं, की केवडा रोगाने बाकीच्या वेलींची पानं झडली, पण या ओळी शाबूत आहेत. १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण जगापुढे मांडलं.

वरूड-मोर्शीच्या संत्राबागांत बुरशीसाठी बोर्डो आजही आहे. पण इथला चोर चार पायांचा, आणि त्याला निळ्या डागांचं भय नाही.

विदर्भात नीलगायीला रोही म्हणतात. लोक तिला हरणात धरतात. शास्त्राच्या हिशेबी ती गाय-बैलांच्या कुळातली. खरं हरीण म्हणजे चितळ. त्याची शिंगं गळून पुन्हा येतात, आणि त्यांवरची मखमल उतरवायला नर खोडांवर शिंगं घासतो. जंगलालगतच्या बागेत कोवळ्या झाडांची साल निघते ती अशी. रोही मात्र नवती ओरबाडतो, फांद्या मोडतो.

मृग बहाराच्या नावातच हरीण आहे, नक्षत्रापुरतं का होईना! ताणावर ठेवलेलं झाड पावसाबरोबर नवती आणि फुलं घेऊन येतं. सायला कीड त्याच कोवळ्या पानांवर अंडी घालते, रोहीही तिथेच तोंड घालतो. बोर्डो असो की जनावराला वासाने दूर ठेवण्यासाठी मारलेलं कुजक्या अंड्यांचं पाणी, दोन्ही पानावर बसतात, आत शिरत नाहीत. आज फवारलं आणि आठ दिवसांनी पान उलगडलं, तर ते उघडंच. शिवाय पाऊस धुतो, आणि भुकेलं जनावर वासाला सरावतं.

मजुरी वाचवायला दोन्ही एकाच टाकीत मिसळण्याचा मोह होतो. तो टाळावा, चुन्यामुळे बोर्डो दुसऱ्या बहुतेक औषधांशी जुळत नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, भांडी प्लास्टिकची. लोखंडी खिळा बुडवून तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला. साल निघालेल्या खोडाला हेच दहा लिटर पाण्यात दाट करून लगेच लावावं. जखमेतून फायटोफ्थोरा शिरली की डिंक गळू लागतो, आणि चितळाच्या दोन मिनिटांची किंमत झाड वर्षानुवर्षं मोजतं.

जनावराला अडवतं ते कुंपण. शेताभोवती बांधलेल्या जुन्या साड्या थोडे दिवस चालतात. तारेत घरची वीज सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्या तारेने माणसंही गेली आहेत. सबंध बागेला कुंपण परवडत नसेल, तर माझ्या मते पैसा आधी लहान झाडांच्या जाळीवर घालावा. मोठं झाड पुन्हा फुटतं; कलमाचा शेंडा गेला, तर त्याची दोन वर्षं जातात.