बहात्तर वर्षे बंद राहिलेला वर्ग

सॅक्सोफोन म्हटला की आपल्याकडे पुष्कळांच्या डोळ्यांपुढे लग्नाच्या वरातीतला बँडवाला उभा राहतो. हिंदी चित्रपटांच्या गाण्यांतही हे वाद्य आपण ऐकले आहे. मंगळूरकडील कद्री गोपालनाथ (१९४९-२०१९) यांनी तर आयुष्यभर त्यावर कर्नाटक संगीत वाजविले आणि जाणत्या श्रोत्यांकडून वाहवा मिळविली. परंतु ज्या युरोपात हे वाद्य जन्मले, तेथेच शास्त्रीय संगीताच्या पंगतीत त्याला पाट मिळण्यास शंभर वर्षे लागली, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहिण्याचे ठरले तेव्हा आम्ही हीच हकीकत निवडली. दिसायला ती एका वाद्याची आहे; खरे पाहता ती एका वर्गाची आहे, आणि आम्ही पडलो शिक्षक!

प्रथम वाद्याविषयी थोडेसे. बेल्जममध्ये १८१४ साली जन्मलेल्या ॲडॉल्फ सॅक्स या कारागिराने ते बनविले आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याची नळी पितळेची, पण तोंडाशी वेताची एकच पत्ती असते. आपल्या शहनाईची पत्ती दुहेरी, याची एकेरी, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. पत्तीवर वाजते म्हणून, अंग पितळेचे असूनही, तिकडे त्याची गणना लाकडी वाद्यांत होते. पितळी वाद्यांचा बुलंदपणा आणि लाकडी वाद्यांचा मऊपणा एका ठिकाणी आणावा, हा सॅक्सचा हेतू होता.

फ्रान्सच्या लष्करी बँडांनी हे वाद्य उचलले. १८५७ साली पॅरिसच्या सरकारी संगीतशाळेत, म्हणजे कॉन्सर्व्हेटरीत, लष्करी वादकांसाठी सॅक्सोफोनचा वर्ग निघाला व खुद्द सॅक्सच तेथे शिकवू लागला. पुढे १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले, आणि त्या धामधुमीत वर्ग बंद पडला. तो पुन्हा उघडला १९४२ साली!

एक वर्ग बंद पडल्याने असे काय बिघडते, असे कोणी विचारील. पाहा, काय बिघडले ते. उत्तम गुरू नाही म्हणून उत्तम वादक नाहीत. वादक नाहीत म्हणून संगीतकार त्या वाद्यासाठी लिहीत नाहीत. वाजविण्यास रचना नाहीत म्हणून मोठ्या वाद्यवृंदात कायमची जागा नाही. आणि जागा नाही म्हणून कोणी शहाणा बाप आपल्या मुलास ते शिकवून पोट भरेल असे मानीत नाही. रहाटगाडगे असे उलटे फिरू लागले की ते थांबविणे कठीण असते.

असाच एक शहाणा बाप नॉर्मंडीत होता. तो गावच्या बँडचा प्रमुख, स्वतः सॅक्सोफोन वाजविणारा. १९०१ साली जन्मलेल्या आपल्या मार्सेल नावाच्या मुलास त्याने लहानपणीच वाद्य हाती दिले. परंतु धंदा म्हणून संगीत नको, असेही बजावले. तेव्हा मार्सेल म्यूल याने अध्यापक-विद्यालयात शिक्षण घेतले आणि थोडा काळ प्राथमिक शाळेत मुलेही शिकविली. आम्हा मास्तर मंडळींस या गोष्टीचे विशेष कौतुक वाटते.

पुढे लष्करी सेवेसाठी तो पॅरिसला आला, पलटणीच्या बँडमध्ये वाजवू लागला आणि १९२३ साली 'गार्द रेप्युब्लिकेन' या नामांकित लष्करी बँडमध्ये दाखल झाला. पोटासाठी तो रात्री नाचाच्या बँडमध्येही वाजवीत असे. तेथे नव्या अमेरिकी जाझच्या चालीने स्वराला हलके कंपन देण्याचा प्रघात होता. शास्त्रीय वादक मात्र स्वर सरळ, काठीसारखा वाजवीत. म्यूलने नाचघरातील हे कंपन हीन म्हणून टाकून दिले नाही. त्याला शिस्त लावली. जबड्याच्या हळुवार हालचालीने, मिनिटाला सुमारे ३०० झोके, ना कमी ना जास्त, असे माप त्याने घालून दिले. गळ्यासारखा बोलणारा स्वर त्यातून निघाला, आणि ऐकणारांचे मत पालटू लागले.

१९२८ साली त्याने बँडमधील सोबती घेऊन चार सॅक्सोफोनांचा संच उभा केला. तेव्हा पॅरिसमध्ये राहणारे रशियन संगीतकार ग्लाझुनोव यांनी १९३२ साली या चौघांसाठी स्वतंत्र रचना केली. १९३८ साली तोमासी यांनी म्यूलसाठी 'बालाद' लिहिली. उलटे फिरणारे रहाटगाडगे आता सुलटे फिरू लागले.

१९४२ साली पॅरिस जर्मन फौजांच्या ताब्यात होते. असल्या वेळी नवा वर्ग काढण्याचे कोणाच्या मनात येईल? परंतु कॉन्सर्व्हेटरीचे संचालक देल्व्हँकूर यांनी सॅक्सोफोनचा वर्ग पुन्हा उघडला आणि म्यूलला तेथे नेमले. युद्धाने बंद पडलेला वर्ग युद्धातच उघडला, ही मोठी नवलाची गोष्ट म्हटली पाहिजे.

वर्ग उघडला, पण शिकवायचे कशावरून? पाठांची पुस्तके अपुरी होती. म्यूलने इतर वाद्यांची दारे ठोठावली. बासरीचे पाठ घेतले, व्हायोलिनचे घेतले. फर्लिंग या जर्मन ओबोवादकाचे ४८ पाठ त्याने सॅक्सोफोनसाठी लावले व स्वतःचे १२ जोडून त्यांचे ६० केले. हे पुस्तक आजही जगभर सॅक्सोफोनच्या विद्यार्थ्यांच्या हाती दिसते. शेजाऱ्याकडून विरजण आणून आपले दही लावावे, तसा हा प्रकार.

१९५८ साली बॉस्टनच्या प्रसिद्ध वाद्यवृंदाबरोबर त्याने अमेरिकेचा दौरा केला. वादक म्हणून हे कीर्तीचे शिखर होते. परंतु त्यानंतर तो मैफलींच्या मागे लागला नाही. १९६८ पर्यंत वर्ग मात्र सोडला नाही. २६ वर्षांच्या या अध्यापनाचे फळ काय? त्याचे शागीर्द देफाये यांनी पॅरिसचा तोच वर्ग पुढे चालविला. लोंदे यांनी बोर्दोत शिकविले. हेम्के आणि रूसो यांनी अमेरिकेतील विद्यापीठांत पिढ्या तयार केल्या. २००१ सालच्या डिसेंबरात, वयाची शंभरी ओलांडून म्यूल निवर्तला, तेव्हा त्याच्या शागिर्दांचे शागीर्दही गुरूच्या गादीवर बसले होते.

आता मुद्द्याची गोष्ट. सॅक्सोफोन १८७० साली जसा होता, तसाच तो १९४२ सालीही बहुतांशी होता. वाद्यात उणीव नव्हती. शिकविणाऱ्याची जागा रिकामी होती. वर्ग बंद करण्यास एक सही पुरते. खर्च फार, विद्यार्थी थोडे, ही कारणे खोटीही नसतात. पण तो पुन्हा उघडेपर्यंत दोन-तीन पिढ्या निघून जातात, आणि त्या पिढ्यांतील जे मूल उस्ताद झाले असते, ते कोणते, हे कोणत्याच हिशेबाच्या वहीत सापडत नाही.

आपल्याही गावोगावी थोड्या मुलांवर चालणारे वर्ग आहेत; कुठे तबल्याचे, कुठे भाषेचे, कुठे शिवणाचे. त्यांचा जमाखर्च पाहण्याची पाळी येईल तेव्हा वाचकांनी नॉर्मंडीच्या या मास्तराची आठवण ठेवावी, एवढीच आमची विनंती.