अंड्यातला रंग

बॉल पायथॉनचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं. त्याचं कवच मऊ, चामड्यासारखं असतं. 31-32 अंश सेल्सिअसच्या उबेत साधारण 55 ते 60 दिवस काढले की पिल्लू तोंडाच्या टोकावरच्या इवल्या दाताने आतून चीर पाडतं, नाकपुड्या बाहेर काढतं आणि तसंच बसून राहतं. कधी दिवसभर, कधी त्याहूनही जास्त. पैदासकाराचा जीव त्या चिरेत अडकलेला असतो. ओल्या डोक्यावर तपकिरी-काळा रंग दिसला तर पिल्लू नेहमीचं. पिवळं-पांढरं अंग आणि लाल डोळे दिसले, तर कित्येक वर्षांचा हिशेब जुळला.

घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला हा तीन ते पाच फुटांचा अजगर. घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा घट्ट चेंडू करतो, म्हणून 'बॉल'. बेनिनमधल्या विदा शहरात त्याचं देऊळ आहे. त्याच किनाऱ्यावरून वर्षानुवर्षं हजारो पिल्लं अमेरिकेला गेली. त्या तपकिरी गर्दीतून एखादं निराळं पिल्लू हेरणारी नजर, हे या कामाचं पहिलं भांडवल.

ते निराळेपण पिढीत उतरतं की नाही, हे मात्र जोड्या लावूनच कळतं. ओक्लाहोमातल्या बॉब क्लार्कने 1992 मध्ये अल्बिनो बॉल पायथॉनची पैदास करून दाखवली. अल्बिनो नर आणि साधी मादी यांची सगळी पिल्लं दिसायला साधीच असतात, पण प्रत्येकात ते जनुक दडलेलं असतं. पैदासकारांच्या बोलीत ही 'हेट' पिल्लं. दोन हेटची जोडी लावली की प्रत्येक पिल्लू अल्बिनो निघण्याची शक्यता चारात एक. मादीला वयात यायलाच तीनेक वर्षं लागतात आणि एका वेळी ती अंडी घालते जेमतेम पाच-सहा. वाटाण्याची वेल मेंडेलला वर्षभरात उत्तर देत होती. इथे एका प्रश्नाला अर्धं दशक जातं. 1997 मध्ये पीटर काहलने पायबॉल्डचं जनुकही असंच सिद्ध केलं. हा साप म्हणजे अगदी बांड्या बैलासारखा: मध्येच पांढराशुभ्र पट्टा, मग पुन्हा नक्षी.

'बनाना' नावाच्या पिवळ्या-जांभळट सापाने तर क्रमिक पुस्तकं बदलायला लावली. बनाना नराला ते जनुक बापाकडून आलं असेल तर त्याची बनाना पिल्लं बहुतेक सगळी नर निघतात. आईकडून आलं असेल तर बहुतेक सगळ्या माद्या. पैदासकार अशा नरांना 'मेल मेकर' आणि 'फीमेल मेकर' म्हणू लागले. सापांमध्ये पक्ष्यांसारखी झेड-डब्ल्यू गुणसूत्रं असतात, असं तोवर सगळीकडे शिकवलं जात होतं. तसं असतं तर हा प्रकार घडलाच नसता. 2017 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की बोआ आणि अजगरांमध्ये माणसासारखी एक्स-वाय गुणसूत्रं आहेत. पैदासकारांच्या वह्यांमधल्या नोंदींचा हा मोठा मान आहे.

मिशिगनमधल्या एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी पुढे लोकांकडून पाळीव सापांच्या काती मागवल्या. पाकिटातून आलेल्या त्या कागदासारख्या काती तपासून 2022 मध्ये त्यांनी अल्बिनोपणाचं मूळ शोधलं. रंजकद्रव्य घडवणाऱ्या एकाच जनुकात तीन वेगवेगळे बिघाड. सापाला सुईही न लावता!

हा शौक आपल्याकडेही पोचला आहे, आणि सगळा सरळ मार्गाने नाही. डिसेंबर 2023 मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किट-केकच्या पाकिटांमधून 9 बॉल पायथॉन आणि 2 कॉर्न स्नेक निघाले. उबेवर जगणारा जीव असा कोंबून आणणं ही निव्वळ क्रूरता आहे.

पण सर्वांत अवघड प्रश्न पैदासकारांच्या कायदेशीर पेट्यांमध्येच वाढतो. त्याचं नाव 'स्पायडर'. कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक काळी नक्षी, सोनेरी अंग. 1999 मध्ये आफ्रिकेतून आलेल्या एका सापापासून न्यू इंग्लंडमधल्या केव्हिन मॅककर्लीने ही जात पुढे नेली. जनुक प्रभावी, म्हणजे एकाच पिढीत दिसणारं. त्यामुळे ते भराभर पसरलं आणि इतर रंगांत मिसळलं. त्याच्याबरोबर डोक्याचं डुलणंही आलं. कुणाचं डोकं नुसतं हलकं थरथरतं, कुणाचा भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो, कुणाची मान पिळून डोकं उलटं होतं. 2022 च्या एका अभ्यासात अशा सापांच्या कानाच्या आतली तोल सांभाळणारी रचनाच बिघडलेली आढळली. नक्षी आणि डुलणं वेगळं करता येईल, या आशेने पैदासकारांनी वर्षानुवर्षं जोड्या लावल्या. ते वेगळं झालं नाही.

ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या मेळ्यांत स्पायडरची विक्री बंद केली. काही पैदासकारांनी स्वतःहून स्पायडरची जोडी लावणं सोडलं. काही जण साप नीट खातो, वाढतो, असं म्हणून लावतच राहिले. अशा एखाद्या पेटीत आज कवचाला चीर पडते, सोनेरी डोकं बाहेर येतं, क्षणभर स्थिर राहतं आणि हळूच डावीकडे कलू लागतं.