पेटीतल्या बाळाला खुळखुळा नको

३७ आठवडे भरायच्या आत जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीत ठेवलं, की घरच्यांना काहीतरी करावंसं वाटतं. खुळखुळा वाजवावा, रंगीत चिमणाळं टांगावं, मेंदूला चालना मिळेल! घाई नको. पोटात ज्ञानेंद्रियं क्रमाने जागी होतात: आधी स्पर्श, मग वास-चव आणि कान, सगळ्यांत शेवटी डोळे. म्हणूनच पेटीवर चादर टाकतात आणि हळू बोलायला सांगतात.

बाळाला हवा असतो तो स्पर्श. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडत होत्या. तिथे डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. नाइलाजातून निघालेली ही ‘कांगारू पद्धत’ आज जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास वापरायला सांगते. ऊब, ठोके, दुधाचा वास, ओळखीचा आवाज, सगळं एकाच जागी. बाबांची छातीही चालते.

पेटीत हात घालायची परवानगी मिळाली, तर बोटं फिरवू नका. गुदगुल्यांसारखा स्पर्श त्याला सोसत नाही. एक तळवा डोक्यावर, दुसरा पायांशी, स्थिर ठेवा. बाळाने बोटं फाकवली, उचकी लागली, रंग बदलला, तर समजा, ‘आता पुरे’ म्हणतंय. मालीश डॉक्टरांना विचारूनच.

आणि डोळे सगळ्यांत शेवटी तयार होतात, म्हणून जन्मापासून महिनाभराच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली का, हे नक्की विचारा.