दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या मोटारीतील इंधन-पुरवठ्याचे दोष

पावसाळ्याच्या आरंभी ताडपत्रीखाली उभी करून ठेवलेली जुनी मोटार चतुर्थीच्या सुमारास सुरू करावयास जावे आणि तिने दाद देऊ नये, हा प्रकार गोमंतकातील अनेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. घरातील कर्ता माणूस मुंबईस, आखाती देशांत अथवा बोटीवर नोकरीस असला म्हणजे मोटार वर्ष वर्ष जागेवरून हलत नाही. अशा वेळी इंजेक्टर निकामी झाले किंवा गाडीचा संगणक बिघडला, असे निदान घाईने केले जाते व मालकास हजारो रुपयांचा भुर्दंड पडतो. वस्तुतः उभ्या राहिलेल्या मोटारीत दोषाचा उगम बहुधा बॅटरीत किंवा पेट्रोलच्या टाकीत असतो. इंजेक्टर तुंबला असला तरी तो टाकीतील घाणीमुळे तुंबलेला असतो. तपासणीचा क्रमही त्यानुसारच असावयास हवा.

डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० या मोटारीत प्रारंभी कार्ब्युरेटर होता. सन २००० मध्ये तिला इंधन-अंतःक्षेपणाची, म्हणजे बोलीभाषेतील ‘एमपीएफआय’ची, जोड मिळाली. तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले असले तरी त्या पिढीच्या गाड्या गावोगावी आजही दिसतात. कार्ब्युरेटरमध्ये इंजिन स्वतःच्या ओढीने पेट्रोल खेचून घेते. अंतःक्षेपणाच्या पद्धतीत टाकीत बुडालेला विजेचा पंप पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो. हा दाब सामान्यतः अडीच ते तीन बार, म्हणजे चाकातील हवेच्या दाबाहूनही अधिक असतो. इंजेक्टरचे सूक्ष्म छिद्र किती क्षण उघडावयाचे हे संगणक ठरवितो, व तो काळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजला जातो. चावी फिरविण्यापूर्वी अ‍ॅक्सिलरेटर दोन-चार वेळा दाबण्याची जुन्या चालकांची सवय येथे सर्वथा निरुपयोगी ठरते.

पेट्रोल हे टिकाऊ द्रव्य नव्हे. त्यातील चटकन पेट घेणारा हलका अंश प्रथम उडून जातो व मागे राहिलेल्या भागाचा हवेशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट थर तयार होतो. त्यास उग्र, आंबूस वास येतो. ताज्या पेट्रोलच्या वासाशी परिचित असलेल्या माणसाला तो तत्काळ ओळखता येतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व २०२५ साली देशात त्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात, विशेषतः टाकी अर्धी रिकामी असता, हा ओलावा आत शिरण्यास भरपूर वाव मिळतो. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी यांचे मिश्रण पेट्रोलपासून विलग होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि पंप नेमका तळातूनच इंधन उचलतो. पत्र्याच्या टाकीस गंज चढला असल्यास त्याचे कणही सोबत येतात. म्हणून गाडी अनेक महिने उभी असेल, तर वारंवार स्टार्टर मारणे अत्यंत अनिष्ट होय. प्रत्येक प्रयत्नागणिक ही घाण टाकीतून फिल्टरमध्ये आणि काही अंशी इंजेक्टरपर्यंत ढकलली जाते.

टाकीकडे वळण्यापूर्वी बॅटरी मात्र पाहावी. पूर्ण भारित बॅटरीचा विद्युत्‌दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो बराच उतरला असेल, तर स्टार्टर कण्हत फिरतो, पंपास पुरेसा जोर मिळत नाही व संगणकही नीट काम देत नाही. मालकास मात्र दोष इंधनाचा वाटतो. चार माणसे जमवून गाडीला धक्का मारण्याचा उपाय कार्ब्युरेटरच्या काळी उत्तम होता. बॅटरी पूर्ण उतरलेली असताना अंतःक्षेपणाच्या गाडीत पंपच चालत नाही, त्यामुळे धक्का मारणाऱ्यांचे श्रम वाया जातात. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून पाहणे तर संगणकाच्या जिवावर बेतू शकते. याच वेळी बॉनेट उघडून तारा उंदरांनी कुरतडल्या आहेत काय, हेही पाहून घ्यावे. उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात घरटेही करतात.

बॅटरी ठीक असेल, तर चावी फिरवून स्टार्टर न मारता क्षणभर थांबावे व मागील आसनाकडे कान द्यावा. दोन-तीन सेकंद मंद गुणगुण ऐकू आली, तर पंपास वीज मिळत आहे. काहीच ऐकू न आल्यास प्रथम फ्यूज व रिले तपासावे. हे भाग स्वस्त असतात. ते ठीक असूनही पंप मूकच राहिला, तर तो डिंकाने जखडला असण्याचा संभव आहे. पंप आवाज करतो पण इंजिन पेटत नाही, असे असेल तर मेस्त्रीने दाबमापक लावून दाब मोजावा. दाब कमी भरल्यास टाकी उतरवून धुणे आणि फिल्टर बदलणे याला पर्याय नाही. हे काम मालकाने घरी करू नये. नळीत दाबाखाली पेट्रोल असते व एक ठिणगी अनर्थास पुरेशी होते. जुन्या रबरी नळ्यांना भेगा पडल्या असल्यास त्या याच वेळी बदलाव्यात.

दाब योग्य असूनही गाडी रुसलेली असेल, तेव्हाच इंजेक्टरची पाळी येते. स्पार्क प्लग काढून पाहिल्यास पुष्कळ उलगडा होतो. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर ठिणगीचा तपास करावा. पेट्रोल अति झाले असल्यास अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारावा. अनेक गाड्यांत असे केल्याने इंजेक्टर बंद राहतात व साचलेले पेट्रोल निघून जाते. इंजिन सुरू होऊनही थरथरत असेल, तर मेस्त्री एकेका इंजेक्टरची तार क्षणभर सोडवितो. ज्याची तार सोडवूनही इंजिनच्या चालीत फरक पडत नाही, त्या सिलिंडरमध्ये दोष आहे असे समजावे. तो दोष तुंबलेल्या इंजेक्टरचा ठरला, तर तो यंत्रावर स्वच्छ करून रबरी कडी नवी घालून पुन्हा बसविता येतो. नवा घेण्याची निकड क्वचितच पडते. थंड असताना गाडी नीट चालते व तापल्यावर बंद पडते, अशी तक्रार असल्यास तापमान-संवेदकाकडेही लक्ष द्यावे.

मोटार एखाद्या पावसाळ्यापुरती उभी ठेवावयाची असल्यास टाकी भरून ठेवणे हितावह, कारण ओलाव्यास जागाच उरत नाही. शेजाऱ्याकडे चावी देऊन पंधरवड्यातून एकदा वीसेक मिनिटे गाडी फिरविण्यास सांगणे त्याहून बरे. नुसती जागेवर पाच मिनिटे चालविल्याने बॅटरी पुरेशी भारित होत नाही व इंजिनही पुरते तापत नाही. टाकीतून काढलेले शिळे पेट्रोल विहिरीजवळ वा शेतात ओतू नये. ते गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावे.

खासगी मोटारीच्या नोंदणीची मुदत १५ वर्षांची असून त्यानंतर तपासणी करून ५ वर्षांसाठी नूतनीकरण मिळते. पुष्कळ दिवस उभ्या असलेल्या गाडीची ही मुदत, विमा व प्रदूषण-नियंत्रण प्रमाणपत्र बहुधा संपलेले आढळते. तोवर मेस्त्रीला घरीच बोलवावे.