संगणकातील ‘यूजर प्रोफाइल’ बिघडते तेव्हा

बालरोगतज्ज्ञाने संगणकाच्या आजारावर लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु प्रसंगच तसा घडला. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी नवागाम येथील माझ्या दवाखान्यात वीज गेली. यूपीएसची बॅटरी बदलण्याचे काम मी कित्येक महिने पुढे ढकलले होते. त्यामुळे चालू संगणक एकाएकी बंद पडला. दुसऱ्या दिवशी तो सुरू झाला, पण पडदा कोरा! माझी एकही फाइल दिसेना. आपण तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आहात, एवढीच सूचना.

त्यात अकरा वर्षांच्या लसीकरणाच्या नोंदी होत्या. आमच्याकडे येणारी बरीच कुटुंबे खानदेशातून येथे स्थिरावलेली. गावी जाण्यायेण्यात बाळाचे कार्ड हरवले की आई माझ्याकडेच धाव घेते. कोणता डोस राहिला, हे आता सांगणार कोण?

संगणक दुरुस्त करणाऱ्याने दूरध्वनीवरूनच ‘फॉरमॅट मारून देतो’ असा उपाय सुचविला. निदानाआधीच शस्त्रक्रिया! मी नकार दिला आणि संगणकशास्त्र शिकलेल्या पुतण्यास बोलाविले. त्याच्याकडून जे समजले ते येथे देत आहे.

विंडोजमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचा स्वतंत्र कप्पा सी ड्राइव्हवरील ‘यूजर्स’ या फोल्डरमध्ये असतो. त्यात आपल्या फाइली असतात आणि आपल्या पसंतीची सर्व मांडणी साठविणारी ‘एनटीयूजर.डॅट’ ही फाइलही असते. ती लिहिली जात असताना वीज गेली, अथवा डिस्कचा तेवढा भाग खराब झाला, तर विंडोजला ती वाचता येत नाही व एक कोरा, तात्पुरता कप्पा उघडला जातो. जुन्या फाइली बहुधा जागच्या जागीच असतात. केसपेपर कपाटात सुखरूप, केवळ किल्ली वाकलेली!

उपचाराचा क्रम असा. प्रथम संगणक एकदोनदा पुन्हा सुरू करावा; कधी कधी तेवढ्यानेच भागते. मात्र त्याआधी तात्पुरत्या कप्प्यात काही लिहिले असल्यास ते पेन ड्राइव्हवर घ्यावे, कारण बाहेर पडताच तो कप्पा पुसला जातो. आमच्या परिचारिकेने त्या सकाळच्या नऊ बालकांच्या नोंदी तेथेच केल्या होत्या. त्या थोडक्यात वाचल्या. नंतर प्रशासकीय अधिकार असलेल्या खात्यातून जुना कप्पा उघडून त्याची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. मगच नवे खाते निर्माण करून त्यात आपली कागदपत्रे, छायाचित्रे व डेस्कटॉपवरील फाइली आणाव्यात. ‘एनटीयूजर’ या नावाने सुरू होणाऱ्या फाइली मात्र आणू नयेत, अन्यथा रोगही सोबत येईल. रजिस्ट्रीतील ‘प्रोफाइललिस्ट’ दुरुस्त करूनही जुने खाते कधी कधी सावरते. पण ते काम जाणकारावर सोपवावे. शेवटी डिस्कचीही तपासणी करावी.

माझ्या साऱ्या नोंदी मिळाल्या. तरीही आम्हां डॉक्टरांना ठाऊक आहे की लस उपचारापेक्षा स्वस्त पडते. ऑगस्ट २००६ मधील तापीच्या पुराने सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. तो ज्यांनी पाहिला, त्यांना दवाखान्यातच ठेवलेली प्रत पुरेशी नाही, हे वेगळे सांगणे नलगे. आता दर शनिवारी मी दोन प्रती काढतो. एक दवाखान्यात, एक घरी, दोन्ही पासवर्डच्या कुलपात. आणि हो, यूपीएसची बॅटरीही बदलली आहे!